हात लागला तेवढाच हत्ती

दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत मार्गात सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्मांधांपैकी ज्याचा हात पायाला लागला त्याने हत्ती खांबासारखा सांगितला. ज्याचा कानाला लागला त्याने सुपासारखा. केशिराजव्यासांनी ग्रथित केलेल्या या दृष्टांताचे मुख्य प्रयोजन परमेश्वरस्वरूपाच्या ज्ञानाविषयीचे आहे, हे विसरता कामा नये. तथापि त्यातील एक बारकावा लोकव्यवहारातही चिंतनीय आहे. त्या अंधांपैकी कोणीही असत्य बोलत नाही. प्रत्येकाच्या हाताला जे लागले ते खरेच आहे. दोष स्पर्शात नाही. स्पर्शाच्या पुढे बुद्धीने जी उडी घेतली, तीत आहे.

असा न्याय या मार्गाच्या वाट्यालाही पुष्कळ आला. ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेले. परक्याला अक्षरे दिसत, अर्थ लागत नसे. जे झाकलेले आहे ते निंद्यच असले पाहिजे, असा तर्क एवढ्याच आधारावर केला गेला आणि तो पिढ्यान् पिढ्या चालला. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा हेतू कोणी विचारात घेतला नाही. (मार्गानेही आपले दार लावूनच ठेवले होते, हे न्यायाने म्हटले पाहिजे.) विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे १९२५ साली य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पोथ्या उघडल्या तेव्हा आत निघाल्या त्या लीळा, सूत्रे, दृष्टांत, स्थानांच्या नोंदी, आणि यादवकालीन मराठी गद्य!

ज्या मार्गाने हे सोसले, त्याच्या आश्रमांत तरी उतावळा निवाडा होऊ नये. पण होतो. एखादा वृद्ध साधक निरूपणाला येतो, सर्वांच्या मागे बसतो आणि निरूपण अर्ध्यावर असताना उठून जातो. एक म्हणतो, आळस. दुसरा म्हणतो, आपण सर्व जाणतो असा अहंकार. तिसरा सद्भावाचा असतो. तो म्हणतो, विजनाची ओढ आहे. या तिसऱ्याचे बोलणे गोड वाटते म्हणून ते अधिक खरे ठरत नाही. त्यानेही हत्तीचा एकच अवयव चाचपला आहे. गुणाचा आरोप झाला तरी तो आरोपच. दुसऱ्याच्या मनात शिरून आलो, असे तिघेही धरून चालतात. आणि त्या साधकाच्या आसनापर्यंतचे दहा पावलांचे अंतर मात्र कोणी चालत नाही.

एखादे दिवशी कोणी धाकटा उपदेशी जवळ जाऊन दंडवत करतो आणि हळूच विचारतो, “बाबा, निरूपणातून मधूनच का उठता?” बाबा नुसते पाहत राहतात. तो पुन्हा, मोठ्याने विचारतो. तेव्हा ते कानाशी हात नेतात.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे आसन पहिल्या ओळीत, निरूपण सांगणाऱ्याच्या उजव्या हाताला घातले जाते.