एका चरित्राचे सहा तुकडे

१९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात न्यायालयीन रेट्यामुळे शाळा एकत्र झाल्या. तोवर आपापल्या वस्तीतल्या शाळेत जाणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि काही आठवड्यांतच व्हरांड्यांत, मैदानांवर हाणामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्यातल्या एका अधिकाऱ्याने टेक्सस विद्यापीठातले आपले जुने प्राध्यापक एलियट ॲरन्सन यांना गाठले आणि काहीतरी उपाय सुचवा, म्हणून गळ घातली. ॲरन्सन यांनी भाषण ठोकले नाही की बंधुभावाची प्रतिज्ञा लिहून दिली नाही. विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले आणि नुसते पाहत राहिले.

त्यांना दिसले ते आपल्याही ओळखीचे आहे. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर होतात, बाकीची मुले नजर चुकवतात. बाई एकाचे नाव घेतात. इतरांचे चेहरे उतरतात. तो चुकला की तेच चेहरे खुलतात, कारण पुन्हा संधी आली! दुसऱ्याच्या चुकीत आपला फायदा, असा हा खेळ. गरीब वस्तीतल्या, कमी सोयींच्या शाळांतून आलेल्या मुलांना या स्पर्धेत उतरवले होते आणि त्यांचा पराभव आधीच ठरलेला होता. 'ही मुले मठ्ठच' हा गोऱ्या मुलांचा पूर्वग्रह रोज पक्का होत होता.

एकत्र बसवल्याने पूर्वग्रह वितळतील, ही आशा त्याआधीच्या दोन दशकांची. १९५४ साली ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे बाहुल्यांचे प्रयोग न्यायालयापुढे होते. काळी मुलेही गोऱ्या बाहुलीला 'चांगली' म्हणत होती. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात बजावले होते, की नुसत्या सहवासाने भागत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. शाळांनी सहवास तेवढा घेतला, अटी सोडून दिल्या.

ॲरन्सन यांना हे दुखणे पुस्तकांआधीपासून ठाऊक होते. १९३२ साली जन्मलेला हा मुलगा बोस्टनजवळच्या रिव्हिअर गावात वाढला. आसपास दुसरे ज्यू घर नव्हते. संध्याकाळी हिब्रू शाळेतून परतताना टोळक्याच्या शिव्या आणि कधी मारही ठरलेला. मला ओळखतही नाहीत, तरी ही मुले माझा द्वेष का करतात, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हा शिरला. पुढे ब्रँडाइस विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत असताना ते सहज अब्राहम मॅस्लो यांच्या तासाला जाऊन बसले. विषय निघाला पूर्वग्रहाचा. आपल्या प्रश्नावर आख्खे शास्त्र आहे हे कळताच त्यांनी विषयच बदलला.

स्टॅनफर्डला त्यांना लिऑन फेस्टिंगर हे कडक गुरू लाभले. फेस्टिंगर यांच्या सिद्धान्ताचा गाभा असा : माणसाचे वागणे आणि मत यांत विसंगती आली की त्याला अस्वस्थ वाटते, आणि घडून गेलेले वागणे बदलता येत नाही, म्हणून तो मतच बदलतो. ऑस्टिनमध्ये ॲरन्सन यांनी जे केले, त्याचे मूळ मला इथे दिसते. आपण सगळे धरून चालतो, की आधी मन बदलावे, मग वागणे बदलेल. त्यांनी क्रम उलटा केला.

त्यांची युक्ती साधी होती. पाचवीच्या वर्गाचे सहा-सहा जणांचे मिश्र गट पाडले. पाठ होता वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांचे चरित्र. त्याचे सहा परिच्छेद केले आणि प्रत्येकाच्या हाती एकच दिला. वेगवेगळ्या गटांतली, तोच परिच्छेद मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेत, मग आपल्या गटात येऊन शिकवत. परीक्षा मात्र पूर्ण चरित्रावर. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

एका गटात मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. ॲरन्सन यांनी त्याला कार्लोस हे नाव दिले. इंग्रजी त्याची दुसरी भाषा. तो अडखळे, मुले हसत. म्हणून शिक्षिकेने दयाबुद्धीने त्याला प्रश्न विचारणेच सोडले होते. दोघांचा जणू अलिखित करार झालेला. आता त्याच्याकडे पुलित्झर यांचे तरुणपण आले आणि गप्प बसायची सोय उरली नाही. तो अडखळला, तसे एका मुलीने त्याला मूर्ख म्हटले. तिथे फिरणाऱ्या साहाय्यकाने तिला उपदेश केला नाही. चिडवायचे तर चिडव, पण त्याने पुलित्झर यांचे तरुणपण कळणार नाही आणि तासाभरात परीक्षा आहे, एवढेच सांगितले. हळूहळू मुलांनी त्याला नेमके प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न नीट आला की कार्लोसही नीट बोलू लागला. हा दिसतो तेवढा मठ्ठ नाही, हे गटाला कळले. आधी गरज म्हणून, मग खरोखर.

काही आठवड्यांनी तुलना केली तेव्हा या वर्गांतल्या मुलांना एकमेकांबद्दल अधिक आपुलकी वाटत होती, आत्मविश्वास वाढला होता. अल्पसंख्य मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत. ही जादूची कांडी नव्हे. फ्रान्समधल्या संशोधकांनी अलीकडे केलेल्या पाच प्रयोगांत या पद्धतीने अभ्यासात विशेष फायदा आढळला नाही. तरीही प्रश्न विचारायची जागा ॲरन्सन यांनी बदलली ती बदललीच : मुलांच्या मनात काय आहे याआधी वर्गाची रचना त्यांच्याकडून काय करवून घेते, हे बघा.

आपल्याकडे तर हे आधी बघायला हवे. उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कागदावरची कोडी सोडवताना जात जाहीर केली नव्हती, तोवर दलित आणि सवर्ण मुले बरोबरीने होती. सर्वांसमोर जात उच्चारली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. दुसरीकडे गौतम राव यांनी दिल्लीच्या खासगी शाळांत पाहिले, की गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार होतात, भेदभाव कमी करतात. त्यात एक बारकावा मोलाचा आहे : काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरावरून पडत. आद्याक्षराच्या योगायोगाने ज्यांच्या गटात गरीब मूल आले, त्यांच्यात हा बदल ठळक होता. एका छताखाली असणे आणि एका गटात काम करणे यांत इतके अंतर असते.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून वगळले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ही लढाई दाराशी चालते आणि ती लढावीच लागते. पण दार उघडल्यावर मूल कुठल्या तुकडीत बसते, गटात त्याच्या वाट्याला काय येते, दयाबुद्धीने त्याला कोण गप्प बसवते, हे कुठलाच निकाल ठरवत नाही. ते बाई ठरवतात, रोज, हजेरी झाल्यावर गट पाडताना. समावेशनाचे प्रशिक्षण द्यायचेच असेल, तर मूल्यांवरची व्याख्याने थोडी कमी करून ते या कामाचे द्यावे : असा पाठ कसा आखायचा, ज्यात शेजारच्याला येणारी गोष्ट कळल्याशिवाय माझे भागणार नाही.