जासुदाचा सल्ला

(वाचनभाग : १ राजे, अध्याय २२)



दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी वसविलेली वसाहत. सेक्टरांत विभागलेली सरकारी निवासस्थाने, जवळच कचेऱ्यांच्या लांबलचक इमारती आणि सकाळ-संध्याकाळ बसथांब्यांवर उभी राहिलेली माणसे, असे तिचे रूप. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून दिल्लीस गेलेल्या आपल्या बांधवांना ती परिचित असेल. या वसाहतीच्या दक्षिणेकडून बाह्य रिंग रोड जातो. मुनिरका व वसंत विहार यांच्या लगतच्या त्याच्या भागाला ओलोफ पाल्मे मार्ग असे नाव आहे. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल, की हे पाल्मे कोण होते आणि भारताच्या राजधानीने आपल्या एका रस्त्याला त्यांचे नाव का द्यावे?

ओलोफ पाल्मे हे स्वीडनचे पंतप्रधान. १९८५ च्या जानेवारीत अण्वस्त्रबंदीसाठी सहा राष्ट्रांच्या प्रमुखांनी दिल्लीत एक जाहीरनामा काढला, त्यांत ते होते. पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, पत्नीसह चित्रपट पाहून अंगरक्षकाविना पायी घरी परतत असता स्टॉकहोमच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. भारताने मरणोत्तर त्यांना नेहरू पुरस्कार दिला. परंतु जगाने त्यांना प्रथम ओळखले ते याच्याही पूर्वी आणि वेगळ्या कारणासाठी. एका महासत्तेच्या युद्धाला त्यांनी उघडपणे अन्याय म्हटले होते, आणि ती महासत्ता त्यांच्या देशाची शत्रू नव्हती. तसे म्हणण्यात काही विशेष जोखीम नव्हती असे आपणास वाटेल, म्हणून तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेची लाखो माणसांची फौज उतरली होती. विमाने, तोफा, रसद यांची वाण नव्हती. समोर होते ते रात्री बाहेर पडणारे, दिवसा शेतकऱ्यांत मिसळून जाणारे गनीम, आणि त्यांच्या पाठीशी उत्तर व्हिएतनामचे सैन्य. गनिमी काव्यापुढे मोठे सैन्य कसे हतबल होते हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १६८१ मध्ये दख्खनेत उतरलेला औरंगजेब सव्वीस वर्षे येथे झुंजला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळच (आताचे अहिल्यानगर) मरण पावला. दिल्लीचे तख्त त्याला पुन्हा दिसले नाही. अशा युद्धात शत्रू सापडत नाही. म्हणून मग तो ज्या गावात असेल ते गावच शत्रू ठरते. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांना ठार केले, त्यांत स्त्रिया होत्या, तान्ही मुले होती. युद्ध चालविणाऱ्यांच्या हातून ते घडावे असे कोणी ठरविले होते असे नाही. पण सारे गावच शत्रू मानले की ते घडते.

त्याच वर्षी २१ फेब्रुवारीस पाल्मे, तेव्हा शिक्षणमंत्री, स्टॉकहोममधील युद्धविरोधी मिरवणुकीत उत्तर व्हिएतनामच्या राजदूताच्या शेजारून चालले. अमेरिकेने आपला राजदूत सल्लामसलतीसाठी परत बोलाविला. मग १९७२ चा नाताळ आला. १८ डिसेंबरपासून बी-५२ विमानांनी हनोई व हायफाँग या शहरांवर बॉम्ब टाकण्यास प्रारंभ केला. २२ तारखेस हनोईचे बाक माई रुग्णालय उद्ध्वस्त झाले. २५ तारखेस हल्ला थांबला आणि २६ तारखेस पुन्हा सुरू झाला. ज्या दिवशी देवदूतांनी पृथ्वीवर शांतीची घोषणा केली, तेवढा एक दिवस विमाने उतरविली, ही सवलत पाहून मनाला अधिकच यातना होतात. २३ डिसेंबरला पाल्मे यांनी, आता पंतप्रधान या नात्याने, एक लहानसे निवेदन केले. त्यात त्यांनी मानवाच्या क्रौर्याची ठिकाणे एकापाठोपाठ एक घेतली : गेर्निका, ओरादूर, बाबी यार, कातिन, लिदित्से, शार्पव्हिल, ट्रेब्लिंका, आणि त्या मालिकेत हनोईचा नाताळ बसविला. अमेरिकेने स्वीडनला नवा राजदूत पाठवू नये असे कळविले, आणि दोन देशांचे संबंध वर्षाहून अधिक काळ थंड राहिले.

पाल्मे हे काही धर्मोपदेशक नव्हते. पण परमेश्वराने आपल्या कार्यासाठी पारसाचा राजा कोरेश यालाही हाताशी धरले, हे आपण यशयाच्या ग्रंथात वाचतो. सत्य कोणाच्या मुखातून आले याने ते उणे होत नाही.

आता आपण १ राजे २२ उघडू या. इस्राएलाचा राजा अहाब व यहूदाचा राजा यहोशाफाट शोमरोनच्या वेशीजवळील खळ्यात राजवस्त्रे लेवून सिंहासनांवर बसले आहेत. रामोथ-गिलाद हे नगर अराम्यांकडून परत घ्यावयाचे आहे. चारशे संदेष्टे एकमुखाने सांगतात की स्वारी करा, जय तुमचाच. त्यांतला एक, सिद्कीया, तर लोखंडाची शिंगे करून नाचवितो. पण यहोशाफाटाला चारशेंचे एकमत पुरेसे वाटत नाही. आणखी कोणी आहे काय, असे तो विचारतो. आहे एक, अहाब म्हणतो, इम्लाचा पुत्र मीखाया. पण तो माझ्याविषयी बरे कधी बोलतच नाही, म्हणून मी त्याचा द्वेष करतो.

वाचकहो, या कथेत आपले लक्ष बहुधा मीखायाकडे जाते. आज मी आपले लक्ष त्याला बोलावण्यास गेलेल्या जासुदाकडे वेधू इच्छितो. वाटेत तो मीखायाला सांगतो की सर्वांचे बोलणे एकसारखे आहे, तुझेही त्यांच्यासारखेच असू दे. हा मनुष्य दुष्ट नाही. त्याच्या मनात मीखायाविषयी काळजीच आहे. कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाने हा सल्ला ऐकलेला असतो. फाईल आधीच वरून ठरून आली आहे, साऱ्यांनी सह्या केल्या आहेत, तुम्ही तेवढी वेगळी टिपणी कशाला लिहिता? पुढे बढती आहे, मुलांची शिक्षणे आहेत, निवासस्थान आहे. जासुदाचा सल्ला नेहमी प्रेमाने येतो, म्हणूनच तो मोडणे अहाबाच्या धमकीपेक्षा कठीण.

व्हिएतनामच्या युद्धात असे जासूद पुष्कळ होते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांना १९६७ सालीच या युद्धाच्या यशाविषयी शंका आली होती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना तसे लेखी कळविले, बॉम्बहल्ले थांबविण्याची शिफारस केली. पण ते सारे बंद पाकिटात. १९६८ च्या आरंभी ते पदावरून गेले, जागतिक बँकेचे प्रमुख झाले आणि जाहीरपणे काही बोलले नाहीत. आपली चूक झाली हे त्यांनी पुस्तक लिहून मान्य केले ते १९९५ मध्ये. या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले, त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक १९६८ पासून पुढे. व्हिएतनामी मृतांची संख्या तर लाखांच्या घरात. या माणसाला दोष देणे सोपे आहे. मला मात्र त्यांचे मौन भयंकर वाटते ते यासाठी, की ते अत्यंत सभ्य मौन होते.

त्यांच्याच खात्यासाठी झालेल्या गुप्त अभ्यासात डॅनियल एल्सबर्ग नावाचे एक विश्लेषक सहभागी होते. सात हजार पानांचा तो अहवाल त्यांनी १९७१ मध्ये वृत्तपत्रांच्या हाती दिला. सरकार वर्षानुवर्षे लोकांना एक सांगत होते आणि कागदांत दुसरे लिहीत होते, हे त्यातून उघड झाले. एल्सबर्ग यांच्यावर खटला भरण्यात आला. जन्मठेपेहून दीर्घ शिक्षा होण्याची शक्यता होती. १९७३ मध्ये सरकारच्याच गैरवर्तनामुळे तो खटला न्यायाधीशांनी काढून टाकला.

आणि मंडळी? दुःखाची गोष्ट अशी की चारशेंत आपलीही माणसे होती. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी १९६६ च्या नाताळात व्हिएतनामला जाऊन सैनिकांना संपूर्ण विजयाचीच भाषा ऐकविली. वर्षभरापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच न्यूयॉर्क शहरात संयुक्त राष्ट्रसंघापुढे उभे राहून पोप सहावे पौल यांनी युद्ध पुन्हा कधीही नको अशी कळकळीची विनवणी केली होती. ४ एप्रिल १९६७ रोजी तेथल्याच रिव्हरसाइड चर्चमध्ये पाळक मार्टिन ल्यूथर किंग बोलले. त्यांचे हितचिंतक त्यांना सांगत होते की आपण कृष्णवर्णीयांच्या हक्कांपुरते बोलावे, युद्धाच्या वादात पडू नये. जासुदाचा सल्ला तो हाच. किंग यांनी तो मानला नाही. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली, राष्ट्राध्यक्ष दुरावले. बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांची हत्या झाली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बलाढ्याच्या युद्धाला विरोध करणे म्हणजे गनिमांना संत ठरविणे नव्हे. १९६८ मध्येच ह्युए शहर हाती असता कम्युनिस्टांनी हजारोंच्या संख्येने लोकांना मारून पुरले. संदेष्टा आमोस दमास्कस, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब यांची पापे एकामागून एक मोजतो. ऐकणारे माना डोलावितात. आणि मग तो यहूदाकडे व इस्राएलाकडे वळतो. बेथेलचा याजक अमस्या त्याला हाकलतो तो याच कारणाने. पाल्मे यांच्या यादीत कातिन होते, जेथील हत्याकांड सोव्हिएत सत्तेने केले होते. आणि १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हाही ते गप्प बसले नव्हते.

आपले काय? भारताने १९५४ पासून व्हिएतनामच्या आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. १९६२ च्या विशेष अहवालात भारत व कॅनडा यांनी उत्तरेच्या घुसखोरीवर आणि दक्षिणेस मिळणाऱ्या अमेरिकन लष्करी मदतीवर, दोहोंवर बोट ठेवले. ते आमोसाच्या रीतीचे काम होते. परंतु १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, दुसऱ्या महासत्तेचे गनिमांविरुद्धचे युद्ध सुरू झाले, आणि १९८० च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेत परकीय सैन्य परत घेण्याचा ठराव आला, तेव्हा आपला देश तटस्थ राहिला. मित्र होता ना! त्याच महिन्यात त्या युद्धाचा निषेध करणारे शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांना मॉस्कोतून गोर्की शहरी हद्दपार करण्यात आले. सोव्हिएत सैन्य फेब्रुवारी १९८९ मध्ये माघारी गेले. त्या देशातून बेघर झालेली कुटुंबे पुढे दिल्लीच्या लाजपतनगरात आणि भोगलमध्ये राहू लागली, आर. के. पुरमहून ती वस्ती काही फार दूर नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या रविवारच्या उपासनेत आपण राज्यकर्त्यांसाठी व सीमेवरील जवानांसाठी प्रार्थना करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण ज्या गावावरून आपल्या किंवा आपल्या मित्राच्या फौजा गेल्या, त्या गावाचे नाव आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत कधी आले होते काय? एखाद्या भावाने किंवा बहिणीने ते नाव घेतले, तर बाहेर पडताना आपण त्याच्या कानाशी लागून काय सांगतो? आपल्यापैकी थोड्यांनाच मीखाया होण्याचा प्रसंग येईल. जासूद होण्याचा प्रसंग मात्र जवळजवळ प्रत्येकाला येतो, कधी कचेरीत, कधी मंडळीच्या सभेत, कधी घरच्या जेवणाच्या वेळी. त्या वेळी मीखायाला मोकळ्या मनाने जाऊ द्यावे, त्याचे कुटुंब मागे राहिले तर त्यांच्या दाराशी जावे, इतके तरी आपल्याला करता येईल.

मीखायाने राजापुढे जाऊन सांगितले की त्याला सारे इस्राएल मेंढपाळावाचून डोंगरांवर विखुरलेले दिसले. सिद्कीयाने त्याच्या तोंडात मारली. राजाने आज्ञा केली की मी सुखरूप परत येईपर्यंत याला तुरुंगात कोंडून थोडीशी भाकर व थोडेसे पाणी द्यावे. अहाब वेष पालटून लढाईत गेला. कोणा एकाने सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरला, आणि सूर्य मावळताना तो रथात मरण पावला. रथ शोमरोनच्या तळ्यावर धुण्यात आला. राजा सुखरूप परतलाच नाही. मग तुरुंगाचे ते दार कोणी उघडले की नाही, हे शास्त्रलेखात लिहिलेले नाही.