घरांतील रिकामी खोली

शास्त्रभाग: २ राजे ४:१-१०; प्रेषितांचीं कृत्यें २८:३०



अकोले तालुक्यांतील एका मंडळीच्या भेटीस गेलों असतां एका विधवा बहिणीनें मला आपल्या घराची मागची खोली दाखविली. पति वारून दोन वर्षें झालीं. त्याच्या आजारपणांत काढिलेलें कर्ज अद्याप डोक्यावर आहे. आणि खोलींत एक कणगी, मोडकी खाट व जुनी पेटी, एवढेंच. ती म्हणाली, "पाळकसाहेब, ही भाड्यानें द्यावी असें मनांत येतें. पण लोक म्हणतात, घरांत परकें माणूस आलें कीं अब्रू गेली. आपण काय सांगतां?"

मीं तिला वरील अध्याय वाचून दाखविला. त्यांत दोन स्त्रिया आहेत. पहिली विधवा, सावकार तिचे दोन पुत्र दास करून नेण्यास आला आहे. अलीशा तिला प्रथम हेंच विचारतो कीं, तुझ्या घरांत काय आहे? तेलाची एक कुपी, एवढेंच होतें. त्यांतूनच देवानें पुरविलें. मग आज्ञा झाली ती क्रमानें: आधीं कर्ज फेडावें, उरेल त्यावर निर्वाह करावा. दुसरी शुनेमची स्त्री. तिनें देवाच्या माणसासाठीं माडीवर खोली बांधिली आणि तींत पलंग, मेज, आसन व दिवा ठेविला. ती संपन्न होती, म्हणून तिनें मोबदला घेतला नाहीं. आमची बहीण कर्जदार आहे. तिनें योग्य भाडें घ्यावें यांत पाप नाहीं व लाजही नाहीं. मात्र पलंग आणि दिवा दोघींच्याही खोलींत सारखाच असावा.

आतां प्रश्न उरतो, खोली कोणास द्यावी? आपल्या तालुक्यांत मे-जून महिन्यांत काजवे पाहण्यास भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या बाजूस हजारों लोक येतात. कळसूबाईच्या पायथ्याशीं बारी गांवांतही पाहुणे उतरतात. अशा पाहुण्यांस घरीं ठेवून कष्टाचा पैसा मिळविणें हा चांगला उद्योग आहे. परंतु कोणी दुप्पट पैसे देऊन दारूच्या बाटल्या घेऊन आला, तर त्या दोन रात्रींचें भाडें आपल्या मुलांच्या मनाच्या किंमतीनें फेडावें लागतें. उलट अकोल्यास कॉलेजांत शिकणाऱ्या डोंगरी गांवच्या मुली थोडेंच भाडें देतील. पण त्या वर्षभर राहतील.

येथें मला माझें पाप कबूल केलें पाहिजे. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर एका शहरांत मी खोली शोधीत होतों. घरमालकानें आधीं नांव विचारिलें, मग गांव, मग वाडा. आणि खोली नुकतीच गेली असें सांगितलें. ती रात्र मीं स्टेशनावर काढिली. पुढें अनेक वर्षांनीं माझ्या दारीं एक ठाकर तरुण खोली मागावयास आला, आणि मींही त्याला तोच प्रश्न विचारिला व तेंच उत्तर दिलें. तो खालीं मान घालून गेला. त्याचें तोंड मला आजही दिसतें. बंधूंनो, ज्यांच्या वाडवडिलांस गांवाबाहेर राहावें लागलें, त्यांनीं आपल्या उंबऱ्यावर जात विचारावी काय?

प्रेषित पौल रोमांत दोन वर्षें भाड्याच्या घरांत राहिला. तो बंदिवान होता. पहाऱ्यास शिपाई होता. तरी कोणीतरी त्याला घर दिलें. त्या घरमालकाचें नांव शास्त्रांत नाहीं. परंतु त्याच्या भिंतींनीं दोन वर्षें शुभवर्तमान ऐकलें.

आणखी व्यवहाराच्या चार गोष्टी. माणसाचें चारित्र्य व ओळख पाहावी, आणि पोलिस ठाण्यास कळवावें. करार तोंडी ठेवूं नये; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यानें भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असें सांगून ती जबाबदारी घरमालकावरच ठेविली आहे. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. अनामत रक्कम खर्चूं नये. ती आपली नव्हे, परत देण्याची आहे. आणि खोली बारा महिने भरलेली राहील असें धरून नवें कर्ज काढूं नये. महिना १,५०० रुपये भाडें ठरलें आणि सुट्टींत खोली दोन महिने रिकामी राहिली, तर वर्षाचे १५,००० च होतात, १८,००० नव्हेत.

त्या बहिणीनें भिंतीस चुना दिला, दारास आंतून कडी बसविली आणि डोंगराकडच्या दोन मुलींस खोली दिली. त्यांची जात तिनें विचारिली नाहीं. पहिल्या महिन्याचें भाडें हातांत येतांच ती कर्जाचा हप्ता भरून आली. कर्ज अजून पुष्कळ आहे. परंतु संध्याकाळीं त्या खोलींत दिवा लागतो, आणि ती म्हणते कीं, दोन वर्षांनंतर घरांत कोणीतरी मोठ्यानें वाचीत असल्याचा आवाज येतो.

वाचकहो, आज घरीं जाऊन आपणही पाहा, आपल्या घरांत काय आहे? आणि दारीं कोणी उभा असेल, तर ज्याला जन्मतांना उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्या प्रभूची आठवण करूनच उत्तर द्या. तो आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.