आधी पोट, मग गाणे?

पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी जून २०१७ मध्ये संप पुकारला तेव्हा राहाता तालुक्याचे नाव राज्यभर पोचले. दुधाला दर नाही, मालाला भाव नाही, कर्ज फिटत नाही, अशी त्यामागची व्यथा होती. अशा तालुक्यात कलेची महती सांगणाऱ्याला लोक आधी हेच विचारतील, की पोटाचे पाहिल्याशिवाय गाण्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून कलेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण ‘आधी पोट, मग गाणे’ हा क्रम माणसाने प्रत्यक्षात कधी पाळलेलाच नाही. ज्यांना क्षणाची उसंत नव्हती त्यांनीच मराठीतली काव्याची एक फार मोठी ठेव निर्माण केली, आणि तीही काम करता करता.

पुरावा याच तालुक्यात आहे. सरकारी नोकरीत मॅजिस्ट्रेट असलेले गोविंद रघुनाथ दाभोलकर १९१० मध्ये शिर्डीला आले. त्यांच्या ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात साईबाबा जाते मांडून गहू दळायला बसतात. गावातल्या बाया पुढे होऊन खुंटा हाती घेतात आणि गात गात दळण पुरे करतात. ते पीठ पटकीची साथ अडवण्यासाठी शिवेवर टाकले जाते. हे पाहूनच आपल्याला ग्रंथ लिहावासा वाटला, असे दाभोलकर सांगतात. त्या पिठाने साथ हटली की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की गाव मरणाच्या धास्तीत असतानाही जात्यावर बसलेल्या बायांच्या तोंडी गाणे होते. ते गायला त्यांना कुणी सांगितले नव्हते, त्याचे मोलही कुणी देणार नव्हते.

यावर कुणी म्हणेल, की ते श्रम हलके करायचे साधन होते. विजेची गिरणी आली आणि त्याची गरज संपली. यात तथ्य आहे. पहाटे उठून जाते ओढण्याचे कष्ट बायांच्या नशिबी पुन्हा यावेत असे कोण म्हणेल? पण श्रम हलके व्हायला नुसता हुंकार, नुसता ताल पुरला असता. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवासाची कळ आहे, सीतेचा वनवास आहे, विठ्ठल आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. सासरी जे बोलायची सोय नव्हती ते तिथे बोलले जात होते. सीतेचे दुःख गाताना गाणाऱ्या बाईला आपले दुःख सांगता येत होते आणि शेजारणीला ते आपलेही वाटत होते. मनातले दुसऱ्यापर्यंत पोचेल असा आकार त्याला देणे, हे कलेचे काम आहे. भाकरी हे काम करत नाही, म्हणून भाकरीच्या रांगेत कलेला मागे उभे करणे मला चुकीचे वाटते.

कलेचा कैवार घेताना एक सोपा युक्तिवाद हाताशी येतो, आणि तो मला नको आहे. पोलीस खात्यात नोकरी केलेले, तमाशा-लावणीचा नाद असलेले दासगणू पुढे कीर्तनकार झाले. त्यांच्या साईबाबांवरच्या कीर्तनांनी शिर्डीचे नाव ठाण्या-मुंबईपर्यंत नेले. आज शिर्डीच्या नावाचा विमानतळ आहे, गावात लॉज आहेत, हार-प्रसादाची दुकाने आहेत. म्हणजे कीर्तनाने तालुक्याला रोजगार दिला, असे म्हणता येईल. म्हणणे खोटे नाही, पण एकदा कमाई हेच माप मानले की जी कला पैसा आणत नाही ती निरुपयोगी ठरते. दुसरा एक सोपा युक्तिवादही मला नको आहे. शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या तमासगीर पवळाबाईंनी पठ्ठे बापूरावांच्या फडात गर्दी खेचली. ज्या समाजाने तिकीट काढून त्यांना ऐकले त्याच समाजाने तमासगीर बाईला घरात मान दिला नाही. कला माणसाला आपोआप सज्जन करते, हा दावा इथे कोसळतो, आणि तो सोडून द्यायला हवा. कला दुसऱ्याचे जगणे आपल्यापुढे आणून ठेवते. त्याचे पुढे काय करायचे ही जबाबदारी ऐकणाऱ्याचीच राहते.

पण ऐकायची, पाहायची सवय लहानपणी लागावी लागते. फोनवर हवी ती गाणी मिळतात, मग शाळेत कलेचा तास कशाला, असे विचारणाऱ्याने ऐकणे आणि घडवणे यांतला फरक ध्यानात घेतलेला नाही. स्वतः एखादी रेघ ओढताना, चाल बसवताना मूल आपल्या आतले काही बाहेर ठेवायला शिकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा निदेशक सांगितला, पण अंशकालीन, आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळा या अटीतच बसत नाहीत. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला दहावीत जादा गुण मिळतात, पण शिकवायला कुणी नसलेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग? जात्यावर बसणाऱ्या बाईला गाणे आजीकडून, आईकडून मिळत होते. तो वारसा गिरणीबरोबर गेला, हे आपण मान्य केले. त्या जागी दुसरे काहीतरी देणे आता शाळेकडेच येते. शंभर मुलांची ही अट काढून टाकावी, आणि पाच-सहा छोट्या शाळांना मिळून का होईना, एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्यावा.