विकत घेतलेली वस्तु आणि स्वामित्व

पैसे मोजले म्हणजे वस्तु आपली झाली, असें आपण सहज मानतों. पण घरांतल्या प्रिंटरकडे पाहिलें म्हणजे या समजुतीला धक्का बसतो. यंत्र स्वस्त मिळतें, शाई महाग पडते. आणि कित्येक कार्ट्रिजांवरील इवलीशी चिप परकी शाई ओळखून छापण्यास नकार देते. पैसे आपले, हुकूम मात्र दुसऱ्याचा!

या जाचाला कंटाळून कांहीं हौशी लोक शाई उडविणारें मुख, म्हणजे प्रिंटहेडच, घरीं करूं पाहतात. त्यांची सामानाची यादी मोठी मनोरंजक असते. विद्युद्दाबानें वाकणारी चकती हवी, तर ती कर्कश वाजणाऱ्या बझरांत थोडक्या पैशांत सांपडते. क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलेला स्फटिकांचा गुण आज खेळण्यांच्या पोटांत जाऊन बसला आहे! शाईच्या कोठडीला इंजेक्शनची सिरिंज चालते. अडतें तें छिद्रापाशीं. केसाहून बारीक, स्वच्छ कडांचें छिद्र, आणि त्याशेजारीं हुबेहूब तसेंच दुसरें, हें घरच्या हत्यारांना साधत नाहीं. तेव्हां हा स्वावलंबी गृहस्थ निमूटपणें बाजारांत जातो आणि दुकानांतील पावत्या छापणाऱ्या यंत्रांचें एचपी सी-६६०२-ए हें कार्ट्रिज घेऊन येतो. त्याच्या मुखावर अवघ्या अष्टमांश इंचांत १२ छिद्रें असतात. प्रत्येकामागें सूक्ष्म तापक. तो निमिषमात्र तापला, कीं शाईंत बुडबुडा फुगून थेंब बाहेर फेकला जातो. पहारेकरी चिप त्यावर नसते.

मग स्वतः केलें तें काय, असें कोणी हंसून विचारील. परंतु सुतारहि वाकस लोहाराकडूनच घेतो. लोहार मात्र कोणतें लाकूड तासावें हें त्याला सांगत नाहीं. अवलंबन निराळें आणि अंकितपणा निराळा.

याहून अवघड प्रश्न वचनाचा आहे. लेक्समार्क कंपनीनें कांहीं कार्ट्रिजें, पुन्हा न भरण्याच्या अटीवर, कमी किंमतींत विकलीं होतीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें कीं, विक्रीबरोबर त्या वस्तूवरील पेटंटचा हक्क संपतो. मात्र ग्राहकानें करार केला असल्यास त्याचें बंधन ही निराळी गोष्ट. हा भेद मला योग्य वाटतो. समजून उमजून सवलत घेणाऱ्यानें अट पाळलीच पाहिजे. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या मजकुराला मात्र वचन म्हणावयास माझें मन धजत नाहीं. वचनाला निदान देणाऱ्याची जाणीव तरी हवी.

आमच्या हौशी गृहस्थापुढें हा पेंचच नाहीं. त्यानें सवलत घेतली नाहीं, शब्दहि दिला नाहीं. त्याचीं अक्षरें ओबडधोबड उमटतात, आणि शाई वाळून एखादें छिद्र बुजलें, तर सुटींतली सकाळ तें पुसण्यांत जाते.