प्रवासी कोणाचा ऋणी?

मनुष्य अपरिचित देशी जातो तो पाहणारा म्हणून की पाहुणा म्हणून, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण आमच्या मते तो नीतीचा मोठा प्रश्न आहे. पाहणाऱ्यास आपले डोळे पुरतात. पाहुण्यास मात्र दार उघडणारा कोणीतरी लागतो, आणि त्या उघडलेल्या दाराचे ऋण त्याच्या माथी राहते.

चंद्रपूर व गडचिरोली येथील आमच्या वाचकांस हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ताडोब्याचे वाघ, तसाच भामरागडचा इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी ह्यांचा संगम पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्यांतील कित्येक वाटेवरच्या माडिया बायामाणसांची छबी न विचारता घेतात आणि त्यांचे नावही न पुसता निघून जातात. उलटपक्षी, आमचे उपदेशक आतल्या पाड्यांत जातात, तेव्हा तेथे परके तेच असतात; त्यांची भाकर व निजावयाची जागा दुसऱ्याच्या घरची असते.

हा विचार नीट समजावा म्हणून आफ्रिकेतील मलावी ह्या देशाचे उदाहरण घेऊ. आमच्यापैकी थोड्यांनीच त्याचे नाव ऐकले असेल. तो महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा असून 1964 साली स्वतंत्र झाला. त्याच्या पूर्वेस सुमारे 580 किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. 1859 साली डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन तेथे पोचले आणि पुढे जगाच्या नकाशावर त्याचे नाव 'न्यासा सरोवर' असे पडले. आता 'न्यासा' ह्या तिकडच्या शब्दाचा अर्थच सरोवर! तेथील कोळी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात जाळी टाकीत होते, तरी ते सरोवर 'सापडले' असे बाहेरच्यांनी म्हटले. आपल्याकडेही ज्यांस आपण गोंड म्हणतो ते स्वतःस कोइतूर म्हणवितात, हे शेजारी राहूनही किती जणांस ठाऊक असते?

ह्या कथेचा एक धागा आमच्या महाराष्ट्रात येतो. त्याच मुलखातील चुमा नावाचा याओ जातीचा मुलगा गुलामांच्या तांड्यातून 1861 साली सोडविला गेला. लिव्हिंग्स्टन 1864 साली मुंबईस आले तेव्हा त्यांनी चुमा व विकाटानी ह्या दोघा मुलांस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविले. नाशिकजवळच्या शरणपूर येथेही गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले मिशनच्या आश्रयाने विद्या व हुन्नर शिकत होती. 1866 साली लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेस निघाले, तेव्हा ही दोन मुले व शरणपूरचे काही तरुण त्यांच्याबरोबर गेले. सरोवराजवळ पोचताच विकाटानीस आपल्या नात्यातले लोक भेटले आणि तो तेथेच राहिला. लिव्हिंग्स्टन ह्यांस जो अज्ञात देश, तो त्याचे माहेर होता.

1873 साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबिया देशात, चितांबो ह्याच्या गावी मरण पावले. तेव्हा चुमा, सुसी, शरणपूरचा जेकब वेनराईट व इतर सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, देह वाळविला आणि तो सुमारे नऊ महिने खांद्यावरून वाहत दीड हजार किलोमीटरहून दूर समुद्रकाठी आणला. वाटेतले लोक प्रेतास भीत, म्हणून तो कापडाच्या गाठोड्यासारखा बांधावा लागला. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. इस्राएलाने योसेफाच्या अस्थी मिसरातून वाहून आणिल्या, त्याची येथे आठवण होते. 1874 च्या एप्रिलात लंडन येथे मोठ्या सन्मानाने दफन झाले. जेकब तेथे हजर होता. पण चुमा व सुसी इंग्लंडास पोचले ते दफनानंतर! पुढे त्या प्रवाशाच्या रोजनिशा छापावयाच्या झाल्या, तेव्हा वाटा व ठिकाणे सांगावयास हेच दोघे लागले.

तर मग प्रवासी कोणाचा ऋणी? ज्यांनी वाट दाखविली, ओझे वाहिले व अन्न दिले त्यांचा. कीर्ती एकाची झाली. चालणारे पाय पुष्कळांचे होते.

कोणी म्हणेल, मग परक्या मुलखी जाऊच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. लिव्हिंग्स्टन गेले म्हणूनच तिकडील गुलामांच्या व्यापाराचे क्रौर्य पुष्कळांच्या कानी पडले. आमच्याकडे बाबा आमटे ह्यांनी 1973 साली हेमलकशास कार्य आरंभिले, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिली, माडिया भाषा शिकली आणि रोग्यांची सेवा करू लागली. तीही प्रथम परकीच होती. जाणे हा दोष नव्हे. घेऊन जाणे व काही न ठेवणे हा दोष होय.

म्हणून वाचकहो, आपण मलावीस जा अथवा लाहेरीपलीकडच्या पाड्यास, नियम एकच. अगोदर यजमानाचे नाव विचारावे व त्या जागेस तेथील लोक काय म्हणतात ते शिकावे. छबी घेण्यापूर्वी परवानगी मागावी. घरी परतल्यावर तेथील दारिद्र्याच्या गोष्टी रंगवून सांगण्यापूर्वी, आपणांस तेथे काय मिळाले ते सांगावे. आणि आपल्या गावी कोणी अनोळखी आला, तर अब्राहामाने भर उन्हात आलेल्या तिघांस केले तसे त्याचे आदरातिथ्य करावे. आज आपण यजमान आहो. उद्या दुसऱ्याच्या दारी आपणच उभे असू.