पाजायला वेळ कुठून आणायचा?

आदिवासी भागातल्या कुपोषणाचा विषय निघाला की बोट लगेच चालीरीतींकडे वळतं. बाळाला चीक पाजत नाहीत, गूळपाणी चाटवतात, दोन-दोन दिवस छातीला लावत नाहीत. काही ठिकाणी हे घडतं आणि ते थांबायलाच हवं. त्या पिवळसर दाट चिकातून बाळाला प्रतिकारशक्ती मिळते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) काय सांगते? महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळतं ते निम्म्याहून थोड्याच अधिक बाळांना. म्हणजे तो तास हुकतो तेव्हा बहुतेक वेळा डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखतच हुकतो. त्याचं खापर पाड्यावरच्या सासूच्या माथी कसं फोडायचं?

दुसरी उणीव शिकवण्याची. ‘बाळाला पाजा’ एवढं सांगून भागत नाही, कसं पाजायचं हे हाताला हात लावून दाखवावं लागतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, मानेला विरुद्ध बाजूच्या हाताचा आधार. बाळाने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बोंडाबरोबर त्याखालचा काळसर भागही तोंडात जाईल असं जवळ घ्यायचं. बाळ नुसतं बोंड चोखत राहिलं तर बोंडाला चिरा पडतात, दूध पुरेसं निघत नाही, बाळ किरकिरतं आणि घरात निवाडा होतो, ‘हिला दूधच नाही.’ नीट पाजलेलं बाळ पहिल्या महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल आणि आयआयटी मुंबईतले त्यांचे सहकारी हेच तंत्र चित्रफितींतून आणि प्रशिक्षणातून पोचवत आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून घरोघरी पाठवलं, तेव्हा बालमृत्यू घटले. मोठी यंत्रं लागली नाहीत. मुख्य लागलं ते हे, की पहिल्या दिवसांत कुणीतरी आईशेजारी येऊन बसावं.

आणि तिला बसायला वेळ असावा. माझ्या मते खरी गाठ इथेच आहे, आणि ती पुण्यात दिसते. १९६२पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था याच शहरात आहे. आणि याच शहराला लागणाऱ्या विटा पाडणाऱ्यांत कातकरी कुटुंबं आहेत, राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. पावसाळा सरला की उचल घेऊन अख्खं कुटुंब भट्टीवर येतं. मजुरी हजार विटांमागे. नवरा चिखल मळून देतो, बायको साच्यात घालून वीट पाडते, तान्हं झोळीत. ते रडलं की चिखलाचे हात धुवायचे, सावली शोधायची, दोन्ही बाजूंनी पाजायचं. तेवढ्या वेळात पडल्या नाहीत त्या विटांचे पैसे बुडतात आणि उचल तशीच अंगावर राहते. अशा बाईला ‘सहा महिने फक्त अंगावरचं दूध’ असं सांगणं सोपं आहे.

कायदे आहेत, पण ते तिच्यापर्यंत येत नाहीत. २०१७पासून मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईसाठी आहे. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने पाळणाघर सांगितलं होतं, तेही ५०पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर. २०१५ची अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा आईला एक वेळचं गरम, चौरस जेवण देते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. पाडा सोडून आई भट्टीवर आली की ताट मागेच राहतं, नेमकं तिची मेहनत वाढते तेव्हा.

म्हणून जेवणाचा हक्क गावाच्या नव्हे, आईच्या नावावर हवा. ती जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने तो पाळावा. भट्टीवर दहा बायका असल्या तरी सावलीची एक खोली आणि बाळ सांभाळणारी एक बाई हवी. आणि बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांची बुडालेली मजुरी सरकारने भरून द्यावी, रोजगार हमीच्या दराने तरी.